वाफसा

जून उजाडला की आमच्या गावात पारावर, बसथांब्यावर, पिठाच्या गिरणीपुढं एकच प्रश्न फिरत असतो. "झाला का?" काय झाला, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या रानाच्या गावात जूनमध्ये वाट पाहावी असं दुसरं असतं काय? उत्तर मात्र माणसागणिक बदलतं. ज्याच्या घरात बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्यात तो म्हणतो, "झाला की, चांगला झाला." ज्याचं पीककर्ज अजून मंजूर व्हायचंय तो म्हणतो, "कुठला, नुसती भुरभुर." दोघांच्या रानात एका बांधाचं अंतर असतं आणि ढग दोघांवरून एकच गेलेला असतो.

आमच्या अंगणात या प्रश्नाचं उत्तर मोजून मिळायचं. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी पर्जन्यमापक आणला आणि अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडापासून लांब, लहानशा चौथऱ्यावर बसवला. वर नरसाळं, आत बाटली, सोबत मिलिमीटरच्या खुणा असलेलं मोजपात्र. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण देशभर पाऊस साडेआठलाच मोजतात. पाऊस पडलेला नसला तरी बाटली बाहेर काढायची, बघायची आणि वहीत ०.० लिहायचं. लहानपणी या गोष्टीचं मला फार नवल वाटे. रात्रभर चांदणं पडलेलं असताना बाटली कशाला उघडायची? अण्णा म्हणत, "बघितल्याशिवाय लिहायचं न्हाई. शून्यसुद्धा."

पुढे मी संख्याशास्त्र शिकले, पुण्यात एका महाविद्यालयात ते शिकवू लागले. अंदाज कसा बांधावा, पुरावा किती असला म्हणजे पुरे, कशावर किती विश्वास ठेवावा, यावर वर्गात बोलत आले. पण ज्या प्रश्नाशी मी आजही झगडते, तो मला पुस्तकात भेटलेला नाही. तो भेटला २०१५च्या जूनमध्ये, आमच्या ओसरीवर.

त्या वर्षी पावसानं सुरुवात बरी केली होती. मृगात तीन पाऊस झाले. अण्णांच्या वहीत १९.४, २२.० आणि ६.२ असे आकडे पडले. बेरीज ४७.६. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, कारण काळी माती खोलवर भिजल्याशिवाय मध्ये पडणारा खंड उगवलेल्या पिकाला सोसत नाही. पाऊस पुरेसा झाला की पुढं वाफसा बघायचा. पाणी निथरून गेलेलं असतं, माती ना चिखल असते ना कोरडी; मुठीत दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो. ती वेळ चाड्यावर मूठ धरण्याची.

माझे धाकटे चुलते, तात्या, त्या सकाळी ओसरीवर आले. त्यांच्या घरात सोयाबीनच्या तीस-तीस किलोच्या सहा पिशव्या होत्या, सहा एकरांसाठी. ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला होता, आणि तो हुकला तर आठवडाभर मिळणार नव्हता.

"दादा, तुमच्या बाटलीत कमी पडतोय," तात्या म्हणाले. "माझ्या रानात टीचभर वल हाय."

"किती ठिकाणी उकरून बघितलंस?"

"उकरायचं कशाला? ढेकळं इरघळलीत."

अण्णांनी वही पुढं सरकवली. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. मग अण्णा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पेरायचं तर पेर. मी नको म्हणत न्हाई. पण पाऊस झाला म्हणून पेरू नको. बी घरात हाय, ट्रॅक्टर उद्याच मिळतोय, मिरिग सरत चाललाय, म्हणून डाव लावतोय, असं म्हणून पेर."

तात्या म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो? बी तर तेच."

तात्यांचा प्रश्न रास्त होता. तो त्यांच्या तोंडी कसा रास्त होता हे समजायला मला बरीच वर्षं लागली. थांबण्यालाही किंमत असते. सोयाबीनची पेरणी लांबली की उतारा घटतो. पूर्ण खात्रीची वाट पाहणाऱ्याचा हंगाम निघून जातो, आणि हंगाम निघून गेला तर आपली खात्री किती शास्त्रशुद्ध होती हे सांगून पोट भरत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानं १८९६ साली हेच म्हणणं मोठ्या आवेशानं मांडलं. काही प्रश्नांत पुरावा पुरा पडेपर्यंत थांबणं हादेखील एक निर्णयच असतो. चूक होऊ नये ही इच्छा आणि सत्य हातचं जाऊ नये ही इच्छा, या दोन निराळ्या इच्छा आहेत. आणि त्यांतली कोणती वरचढ ठेवायची हे पुरावा ठरवत नाही, आपण ठरवतो. जेम्सचं लेखन विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाला दिलेलं उत्तर होतं. क्लिफर्डनं १८७७ साली एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालेलं, डागडुजीला आलेलं. मालकाला शंका येते, पण खर्च नको असतो. इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही पण होईल, अशी तो मनाची समजूत घालतो; हळूहळू त्याला ते मनापासून पटतं; आणि जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज बुडालं नसतं, तरीही तो तितकाच दोषी ठरला असता.

तात्यांनी बुडवलं ते स्वतःचंच जहाज. त्यांनी सहाच्या सहा एकर पेरले. पीक चार पानांवर आलं आणि पाऊस गेला. जुलै कोरडा गेला. दुपारच्या उन्हात सोयाबीनची पानं मान टाकत, संध्याकाळी पुन्हा सावरत, आणि एका संध्याकाळी ती सावरली नाहीत. अण्णांच्या वहीत त्या महिन्याचं पान म्हणजे खाली खाली उतरत गेलेली ०.० ची ओळ आहे. तात्यांना दुबार पेरणी करावी लागली. बी उधारीवर आणलं.

बी तेच असलं तरी फरक काय पडतो, याचं उत्तर त्या पिशव्यांमध्ये होतं. डाव लावतोय असं स्वतःशी कबूल करणारा माणूस सहातल्या तीन पिशव्या पेरतो आणि तीन घरात ठेवतो, किंवा निदान अर्ध्या रानात तुरीच्या ओळी वाढवतो, दुबार पेरणीचे पैसे बाजूला काढतो. पाऊस झालाच आहे असं मानणारा सगळं ओततो. पहिल्याच्या मनात हरण्याची जागा शिल्लक असते, दुसऱ्यानं ती भरून टाकलेली असते. तात्यांना पेरण्याची गरज होती, ती खरी होती. त्या गरजेनं त्यांना पेरायला लावलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण गरज तिथं थांबली नाही. ती डोळ्यांत गेली आणि तिनं ढेकळं विरघळवली.

इथं मला तात्यांवर अन्याय करायचा नाही. २०१३ साली त्यांनी कपाशीची धूळपेर केली होती. म्हणजे पाऊस यायच्या आधीच, कोरड्या धुळीत बी टोकायचं आणि आभाळावर भरवसा ठेवायचा. त्या वर्षी मोसमी पावसानं १६ जूनपर्यंतच सगळा देश व्यापला. तात्यांची कपाशी आमच्यापेक्षा पंधरा दिवस पुढं होती, बोंडं आधी फुटली, भाव आधी मिळाला. "बघितलं का दादा," असं ते वर्षभर म्हणत होते, आणि अण्णा हसत होते. विश्वासाची परीक्षा फळावरून करायची असेल, तर २०१३चे तात्या बरोबर आणि २०१५चे तात्या चूक म्हणावे लागतील. दोन्ही वर्षी त्यांनी केलं एकच: आभाळ नीट न बघता आभाळाबद्दल खात्री बाळगली.

फळ आणि ज्ञान यांच्या या गाठीबद्दल आपल्याकडं फार खोल विचार झालेला आहे. सातव्या शतकातला बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्ती ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी सांगताना ते काम साधून देतं का, हेच विचारतो. आग आहे असं ज्ञान झालं आणि गेल्यावर शेक मिळाला, भात शिजला, तर ते ज्ञान प्रमाण. या कसोटीसाठी त्यानं जो दाखला घेतला तो वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. दोन माणसं आहेत. दोघांना दाराच्या फटीतून येणारा प्रकाश दिसतो. दोघंही त्या प्रकाशालाच रत्न समजून धावतात. एकाच्या बाबतीत तो प्रकाश आतल्या रत्नाचा आहे, दुसऱ्याच्या बाबतीत दिव्याचा. प्रकाश म्हणजे रत्न नव्हे, त्यामुळं चुकले दोघंही. तरी एकाला रत्न मिळतं आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आधी मला वाटलं, हे तर तात्यांच्या बाजूचं झालं. चुकीच्या समजुतीनं का होईना, काम साधलं तर झालं. मग लक्षात आलं की दाखल्यातल्या त्या दोघांची इच्छा एकच आहे. रत्न दोघांना सारखंच हवंय, पाय दोघांचे सारखेच धावतायत. इच्छेच्या जोरावर काही ठरत असतं तर दोघांना सारखंच मिळालं असतं. ठरलं ते प्रकाश कुठून आला यावरून. एका प्रकाशाचं आतल्या वस्तूशी नातं होतं, दुसऱ्याचं नव्हतं. म्हणजे फळाची कसोटी लावणारा धर्मकीर्तीसुद्धा शेवटी वस्तूपाशीच येऊन थांबतो. काम साधतं ते समजूत वस्तूला कुठंतरी बांधलेली असते म्हणून.

२०१५चा सप्टेंबर आला आणि तात्या पुन्हा ओसरीवर आले. आता पैसेवारीची चर्चा सुरू होती. पैसेवारी पन्नासच्या खाली लागली तरच दुष्काळाच्या सवलती मिळायच्या. अण्णांच्या वहीला सरकारदरबारी काही किंमत नव्हती, पण गावच्या अर्जासोबत ती जोडावी असं काही जणांच्या मनात होतं. ऑगस्टात एका रात्री झालेला ३८.६ मिलिमीटरचा पाऊस त्यांना खुपत होता.

"दादा, ती सर नुसत्या गावठाणावर पडली. तुमच्या बाटलीत जास्ती आलाय."

जूनमध्ये त्याच बाटलीत कमी पडत होता. अण्णांनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी दोन्ही आकडे तसेच ठेवले आणि अर्जासाठी पानांची झेरॉक्स काढून दिली. मला मात्र त्या संध्याकाळी जूनपासूनचा गुंता एका टोकानं सुटल्यासारखा झाला. गरजेप्रमाणं विश्वास ठेवावा असं म्हणणाऱ्याला मी विचारीन, कोणत्या महिन्यातल्या गरजेप्रमाणं? जूनमधल्या तात्यांना पाऊस जास्त हवा होता, सप्टेंबरमधल्या तात्यांना कमी. माणूस तोच, वही तीच. जूनच्या गरजेला शोभेल असा आकडा जूनमध्ये लिहून ठेवला असता, तर सप्टेंबरात तोच त्यांच्या मुळावर उठला असता. एकदा धरलेली समजूत ज्या कामासाठी धरली त्या कामापुरती राहत नाही. ती वहीत उतरते, दुसऱ्याच्या कानावर जाते, पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरली जाते, विहीर खणताना, मुलीचं लग्न ठरवताना, जनावर विकताना कामाला येते. त्यातली बरीच कामं आज आपल्याला माहीतच नसतात.

मग आपल्या हेतूंचा विश्वासाशी काहीच संबंध नसावा का? असं मी म्हणणार नाही. अण्णांचंही तसं म्हणणं नव्हतं. काय मोजायचं हे हेतूच ठरवतो; चांदण्या मोजायला अंगणात कुणी चौथरा बांधला नव्हता. किती बारीक मोजायचं, किती पुराव्यावर पाऊल उचलायचं, हेही हेतूच ठरवतो. सहा एकर पणाला लागले असतील तर पाच ठिकाणी उकरून बघावं, परसातली भेंडी लावायची असेल तर ढेकूळ बघूनही चालेल. आणि आणखी एका बाबतीत हेतूनं नियम बदलला पाहिजे, फक्त आपण बदलतो त्याच्या उलट दिशेनं. एखादी गोष्ट खरी असावी असं जितकं जास्त वाटतं, तितका पुरावा जास्त मागायचा. आपण नेमका तिथंच कमी मागतो.

हे मी गिल्बर्ट वॉकर या माणसाकडून शिकले. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे. रोज हजारो माणसं तिथून जातात, त्यांतल्या थोड्यांनाच नावामागची गोष्ट ठाऊक असते. भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, त्याचं हे नाव. वॉकर त्याआधीचा, १९०४ ते १९२४ या काळात खात्याचा प्रमुख. केंब्रिजचा गणितज्ञ, बूमरँग कसं फिरतं याचं गणित मांडणारा, बासरीच्या घडणीत रमणारा. हवामानाचं शिक्षण मात्र त्याच्यापाशी नव्हतं. त्याच्याआधीच्या प्रमुखानं १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता, आणि त्या वर्षी पश्चिम आणि मध्य भारतात भयंकर दुष्काळ पडला. माणसं आणि गुरं रस्त्यांवर मेली. पुढचा दुष्काळ आधी कळावा, ही वॉकरच्या कामामागची निकड होती. यापेक्षा मोठा हेतू कुठला असणार?

त्यानं भारतीय कारकुनांचा ताफा बसवून जगभरच्या नोंदींशी आपल्या पावसाची तुलना करायला घेतली. हिमालयातलं बर्फ, नाईलचा पूर, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब. हातानं, कागदावर, वर्षानुवर्षं. अशा शेकडो तुलना केल्या की काही जोड्या सुरेख जुळतातच. वॉकरला त्या जुळायलाच हव्या होत्या. आणि या माणसानं १९१४ साली लेख लिहून स्वतःच्याच हातांना बांध घातला. त्याचं सांगणं असं की तुम्ही जितक्या जास्त जोड्या तपासाल, तितकी त्यांतली सर्वांत चांगली दिसणारी जोडी नुसत्या योगायोगानं चांगली दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून निवडून काढलेल्या जोडीला साध्या जोडीपेक्षा कडक कसोटी लावा. वर्गात मी हे पंचांगातल्या वाहनांवरून समजावते. नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा हत्ती निघालं की गावाला बरं वाटतं, कोल्हा निघालं की चेहरे उतरतात. समजा, हजार जणांनी आपापले ठोकताळे काढले आणि प्रत्येकानं दहा वर्षं नुसतं नाणं उडवून यंदा पाऊस जास्त की कमी ते सांगितलं. तरी त्यांतला एखादा जण दहाही वर्षं बरोबर येईल अशी अपेक्षा गणितानं धरावी लागते. गाव त्यालाच गुरू करतं. उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

वॉकरला खात्रीचा अंदाज शेवटपर्यंत देता आला नाही. पण त्या कडक गाळणीतून जे उरलं, ते टिकलं. प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो, हे त्यानं दाखवलं. याच झोपाळ्याची एल निन्योशी असलेली गाठ १९६०च्या दशकात याकोब ब्यर्कनेस यानं उलगडली, आणि आज टीव्हीवर एल निन्योची बातमी लागली की तात्यासुद्धा आवाज वाढवतात.

इतकं सगळं मला माहीत होतं. वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तरी २०१८च्या मे महिन्यात डॉक्टरांनी मला आणि भावाला आतल्या खोलीत बोलावून अण्णांचा कॅन्सर यकृतापर्यंत गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी वागले ती तात्यांसारखी.

अण्णांना सांगायचं नाही, हे भावानं ठरवलं. त्याचा हेतू वाईट म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. "कळलं तर ते खचतील. बरं होणार असं वाटलं तर चार घास जास्त खातील," तो म्हणाला. मी मान हलवली. यकृताला सूज आहे, असं अण्णांना सांगितलं. ते रोज सांगत राहिलो, आल्यागेल्याला सांगत राहिलो, आणि सांगता सांगता कधीतरी आम्ही दोघंच त्या सुजेवर विश्वास ठेवू लागलो. दुसऱ्यासाठी शिजवलेल्या या समजुतीतून आपल्याही पानात वाढलं जातं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यापाशी तर शिकलेल्या माणसाचा आधार होता. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाला १९८२ साली पोटातल्या अस्तराचा दुर्मीळ कॅन्सर झाला. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने, असं त्यानं ग्रंथालयात वाचलं. मग त्यानं विचार केला की मध्यक आठ महिने म्हणजे निम्मी माणसं आठ महिन्यांच्या आत जातात. उरलेली निम्मी किती जगतात, ते त्या आकड्यात नाही. तो आलेख उजवीकडं लांब शेपूट सोडतो, आणि आपण त्या शेपटात असू शकतो. गूल्ड पुढं वीस वर्षं जगला. हा लेख मी दर वर्षी वर्गात सांगते. मेमधल्या त्या रात्री भावाला सांगितला. अण्णाही शेपटात असतील, म्हणाले.

गूल्डनं मात्र आपण शेपटात का असू, याची कारणं एकेक करून तपासली होती. वय चाळीसच, आजार लवकर सापडलेला, उपचार उत्तमातले उत्तम. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आजार पसरलेला होता. ही कारणं मी भावाला सांगितली नाहीत, कारण स्वतःलाही विचारली नाहीत. गूल्डच्या दारातून येणारा प्रकाश रत्नाचा होता. माझ्या दारातला कशाचा आहे, हे वाकून बघण्याचं मी टाळलं.

जूनच्या मध्यावर अण्णांचं वजन दीड किलोनं वाढलं. घरात सण झाला. भावानं पेढे आणले. वहिनी देवापुढं बसली. मी, संख्याशास्त्राची प्राध्यापिका, पुण्यातल्या मैत्रिणींना फोन करून वजन वाढल्याचं सांगत होते. हातपाय काडीसारखे होत चाललेल्या माणसाचं वजन वाढलं कुठं, असा प्रश्न तिथं कुणाच्या मनात आला नाही. अण्णांच्या पोटात पाणी साठू लागलं होतं. वजन घटलं असतं तर आम्ही काटा तपासला असता, दुसऱ्यांदा वजन केलं असतं, डॉक्टरांना विचारलं असतं. वाढलं म्हणून काहीच तपासलं नाही.

अण्णांनी तपासलं होतं. पर्जन्यवहीच्या मागच्या पानांवर ते मेपासून स्वतःचं वजन लिहीत होते. त्याशेजारी सुतळीनं घेतलेलं पोटाचं माप, आणि दंडाचं. तीन रकाने. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं आणि वही उघडून पुढं ठेवली. "वजन वाढतंय, पोट वाढतंय, दंड उतरतोय," ते म्हणाले. "हे सुजेचं गणित न्हाई. काय हाय ते सांगा."

भाऊ रडू लागला. मी सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ आढ्याकडं पाहिलं आणि मग जे म्हणाले ते माझ्या अजून काळजात आहे. "तुम्ही सूज सांगितली, म्हणून मी कलमांसाठी कर्ज काढायला निघालो होतो."

वरच्या रानात केसर आंब्याची चाळीस कलमं लावायची त्यांची जुनी इच्छा होती. त्यासाठी ठिबकसकट कर्जाची कागदपत्रं त्यांनी पडल्या पडल्या तयार केली होती. आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षं. फेडायचं कुणी, हा हिशेब त्यांनी आम्ही दिलेल्या सुजेवर मांडला होता. शिवाय तात्यांशी बांधाचा जुना वाद होता, तो दिवाळीनंतर निवांत बसून मिटवू, असंही ठरवलं होतं. आम्ही ती समजूत त्यांच्या चार घासांसाठी बनवली होती. तिच्यावर ते बाग उभी करत होते. त्यांना आणखी काय काय करायचं आहे, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

भाऊ आजही म्हणतो, तो दीड महिना तरी अण्णा निर्धास्त होते. मी वाद घालत नाही. त्या दिवसांत ते खरंच निवांत दिसायचे, हेही खरं. पण वहीतले ते तीन रकाने मेपासूनचे आहेत, आणि निर्धास्त माणूस दर आठवड्याला सुतळीनं पोट मोजत नाही. ते आमच्यापुढं निवांत दिसत होते, आमच्यासाठी. एकाच घरात तीन माणसं एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांना एकटी पाडत होती.

जुलैत अण्णांनी तात्यांना बोलावून बांध मिटवला. तीन हात जमीन सोडली आणि तलाठ्याला बोलावून कागद केला. कर्जाची कागदपत्रं फाडली. आणि कलमं लावली. चाळीस नाही, बारा. घरातल्या पैशांतून, ठिबक न करता. मी खाटेशी बसून विचारलं, "अण्णा, आता कशाला?" ते म्हणाले, "आता न्हाई तर कधी?" फळ खायला मिळेल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

त्या वर्षीही पावसानं मोठे खंड पाडले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पत्र्यावर आवाज झाला. अण्णा तेव्हा अंथरुणावरून उठू शकत नव्हते. सकाळी साडेआठला मी अंगणात गेले, बाटली काढली, मोजपात्रात ओतली, आकडा पाहिला. आत आले. ते वाटच बघत होते.

"झाला का?"

"चांगला झालाय अण्णा," मी म्हणाले.

"चांगला म्हंजे किती?"

मी गप्प राहिले.

"आण हिकडं."

मी मोजपात्र आणून त्यांच्या हातात दिलं. हात थरथरत होता, म्हणून खालून मीही धरलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या पातळीवर आणलं, पाण्याची रेघ स्थिर होईपर्यंत थांबले, एक डोळा मिटून पाहिलं.

"चार पॉइंट दोन," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं.

"तात्याला हाळी दे. चारनं काय व्हायचं न्हाई, कलमांना पाणी घालावं लागंल."